वर बसलेलं मूल

सिनेमा बावीस मिनिटांचा होता आणि हर्षदा मोहितेला तो एव्हाना पाठ झाला होता. आधी गोठलेला कालवा आणि त्यावरून घसरत जाणारी माणसं. मग बेकरीसमोरची रांग. मग जुन्या पुराची चित्रं, चौकात दोन मिनिटं गप्प उभे राहिलेले लोक, कुणाची तरी चोरीला गेलेली सायकल, कुणाचं तरी लग्न. आणि बाराव्या मिनिटाला ते घर.

त्या घरी शेजारची एक मुलगी खेळायला आलेली असते. संध्याकाळचे सहा वाजतात. खालून आई हाक मारते आणि घरातली दोन मुलं जेवायला खाली जातात. ती मुलगी वरच बसून राहते. खालून काट्याचमच्यांचे आवाज येतात. ती गालिच्यावरचा एक लाकडी ठोकळा उचलते, पुन्हा खाली ठेवते. तिला कुणी हाकललेलं नसतं. कुणी बोलावलेलंही नसतं. ज्याचं जेवण त्याच्या घरी, अशी तिकडची रीत. अकरा सेकंदांनी दृश्य बदलतं आणि होड्यांची शर्यत सुरू होते.

"झालं," म्हणत योनासने तिच्या डोक्यावरची जाळीची टोपी अलगद काढली. योनास चाचणी अधिकारी होता. तिशीचा, आणि इतका सभ्य की त्याच्यावर ओरडायचीही सोय नव्हती. "सत्तावन्न."

"आणि हवेत साठ."

"हो. पण मागच्या वेळी छप्पन्न होते. प्रगती आहे."

"माझे तीन गुण नेमके जातात कुठे?"

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. निळी रेघ शहराची, केशरी तिची. बारा मिनिटं दोन्ही रेघा बहिणी-बहिणींसारख्या बरोबर चालत होत्या. मग केशरी एकदम उसळली, आणि होड्यांची शर्यत, चर्चमधलं गाणं सगळं संपत आलं तरी खाली यायला तयार नव्हती.

"इथे तुम्हाला काहीतरी होतं," योनास म्हणाला.

"राग येतो मला इथे."

"कशाचा?" त्याने खरोखरच विचारलं. "त्या दृश्यात काहीच घडत नाही."

हर्षदाने पर्स उचलली. काहीच घडत नाही, हेच तर घडत होतं. पण हे त्याला समजावायला बसली असती तर तिची चार वाजताची ट्राम दुसऱ्या कुणाला तरी चालवावी लागली असती.

यामागचं शास्त्र खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. नाटकाला बसलेले लोक एकाच क्षणी हसतात, एकाच क्षणी श्वास रोखतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मेंदूवर काम करणाऱ्यांनी ते मोजलं. एकच गोष्ट बघणाऱ्या दहा जणांच्या डोक्यांना तारा लावल्या, तर त्यांच्या मेंदूतल्या लहरी बरोबरीने चढतात, बरोबरीने उतरतात. याला त्यांनी सहस्पंदन म्हटलं. तिथवर ठीक होतं. न बोलणाऱ्या मुलांच्या शाळांत आणि बेशुद्ध माणसांच्या खाटांजवळ त्यातून चांगली कामं झाली. मग तारा गेल्या, टोपी आली, सगळी आकडेमोड काडेपेटीएवढ्या डबीत मावायला लागली. आणि नूरहाव्हन नावाच्या त्या उत्तरेकडच्या बंदराच्या शहरात कुणा हुशार नगरसेवकाला सुचलं की बाहेरून आलेली माणसं भाषेची परीक्षा घोकून देतात, इतिहासाची उत्तरं पाठ करतात, पण आपलेपणा काही घोकता येत नाही. तेव्हा तो मोजावा.

इथेच जन्मलेल्या, इथल्याच आईबापांच्या साठ माणसांना सिनेमा दाखवला. त्यांच्या लहरींची सरासरी म्हणजे निळी रेघ. निळी रेघ म्हणजे शहर. पूर्वी शहरात दहा वर्षं काढली की स्थानिक निवडणुकीत मत देता यायचं, उभंही राहता यायचं. दोन हजार चव्वेचाळीस सालापासून त्यासाठी साठ गुण लागू लागले. कोर्टाने भेदभाव म्हणू नये म्हणून नियमात शब्द घातला, 'प्रत्येक रहिवासी'. चाचणीची पत्रं मात्र बरोब्बर त्याच घरांत पडली, जिथल्या पाट्यांवरची आडनावं पोस्टमनला वाचता येत नव्हती.

हर्षदाला उभं राहायचं होतं. जुन्या वीटभट्टीच्या जागेवर बांधलेल्या तीन इमारतींत ती सतरा वर्षं राहत होती. तिथले मराठी लोक त्या भागाला वीटभट्टीच म्हणत. त्या इमारती पाडून सहाशे घरं शहरभर विखरून टाकायचा ठराव वॉर्ड समितीपुढे येणार होता, आणि त्या समितीत वीटभट्टीतलं एकही माणूस नव्हतं. भाडेकरूंनी मिळून तिला उमेदवार केलं होतं. ट्राम चालवते म्हणून तिला सगळा वॉर्ड ओळखत होता, आणि ती कुणाचं ऐकून घेत नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. अर्ज भरायचा शेवटचा दिवस शुक्रवार, दुपारी चारपर्यंत. सोबत साठ गुणांचा दाखला. आज सोमवार होता.

आपलेपणा घोकता येत नाही असं ज्याने लिहिलं, त्याने आपल्याकडचे क्लास पाहिले नव्हते. परीक्षा निघाली आणि सहा महिन्यांत टिळेकर सरांनी क्लास काढला. पद्धत सोपी होती. टोपी घालून तीच अवघड दृश्यं पुन्हा पुन्हा बघायची. तुमची रेघ निळीला चिकटली की कानात गोड सूर वाजतो, सुटली की बंद होतो. तुम्ही काही करायचं नसतं. मेंदूला सूर आवडतो, तो आपोआप वळण घेतो, वेलाला दोरी बांधावी तसा. सहा आठवड्यांत रेघ बसते.

हर्षदाच्या नवऱ्याने, धैर्यशीलने, क्लास पुरा केला होता. त्याला चौसष्ट पडले. तिच्या दोन बैठका बाकी होत्या.

मंगळवारी ती कामावरून सव्वासहाला घरी आली. ऊन अजून खिडकीत होतं. दारात पिवळ्या बुटांचा एक लहान जोड दिसला. सेलाम आली असणार. सेलाम म्हणजे वरच्या मजल्यावरच्या एरिट्रियन बाईंची मुलगी, हर्षदाच्या मुलीच्या, मुक्ताच्या वर्गातली, नऊ वर्षांची. तिची आई हॉस्पिटलात पाळीला असली की ती इकडेच असायची.

टेबलावर तीन ताटं होती. धैर्यशील जेवत होता. मुक्ता मान खाली घालून भात चिवडत होती.

"सेलाम कुठंय?"

"आत आहे की. खेळतायत दोघी."

"मुक्ता तर इथंय."

"आम्ही जेवतोय ना. झालं की जाईल मुक्ता." त्याने आमटीत पोळी बुडवली. "तू हात धू, गरम आहे अजून."

हर्षदाने आतलं दार उघडलं. सेलाम पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर. हर्षदाने काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मला भूक नाहीये, मावशी."

नऊ वर्षांचं पोर. कुणी विचारायच्या आत उत्तर तयार.

हर्षदा तिला हाताला धरून बाहेर घेऊन आली.

"धैर्या, ऊठ."

"काय झालं?"

"त्या खुर्चीवरून ऊठ म्हणते ना."

तो उठला. हर्षदाने सेलामला त्याच्या खुर्चीत बसवलं, नवं ताट घेतलं आणि गरज नव्हती इतका भात वाढला. मिरजेच्या घरी हाच माणूस पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून पोळी सरकवायचा. त्याच्या या सवयीवरून लग्नानंतरची पहिली दोन वर्षं ती त्याला चिडवत होती.

"पोरगी आत बसलीय आणि तुला घास गिळवतो?"

"अगं, तिचं जेवण तिच्या घरी असेल, असं..." तो थांबला. चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता उभा होता, खिशातली किल्ली चाचपणाऱ्या माणसासारखा. "काहीतरी चुकलंय हे मला तुझ्या तोंडावरून कळतंय, हर्षदा. पण आतून येत नाहीये. आधी मला काय व्हायचं?"

"आधी तुला घास उतरायचा नाही."

"असं होय," तो म्हणाला, परगावची हकीकत ऐकणाऱ्यासारखा.

बुधवारी सकाळी ट्राम डेपोतूनच तिने टिळेकर सरांना फोन लावला.

"सर, माझ्या नवऱ्याचं परत करता येईल का?"

"काय परत?"

"मूल उपाशी बसलंय हे त्याला दिसत नाहीये."

"मॅडम, चौसष्ट आलेत त्यांना. बॅचमध्ये पहिले."

"ते कळलं. गेलेलं परत शिकवता येतं का, एवढं सांगा."

"तसं कुणी मागितलं नाही अजून," सर म्हणाले. "तुमचं सांगतो, आज आणि उद्या अशा दोन बैठकांत बसतील तुमचे साठ. त्या एका दृश्याचाच प्रश्न आहे. अकरा सेकंद फक्त."

सहाशे घरं एका बाजूला आणि अकरा सेकंद दुसऱ्या. तिने हो-नाही न म्हणता फोन ठेवला, आणि दुपारी पाळी संपल्यावर थेट टिल्डाचं दार वाजवलं.

टिल्डा ओस्टरमान त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, इमारतीत उरलेल्या चार इथल्या माणसांपैकी एक. आणि निळी रेघ ज्यांच्यावरून काढली त्या साठ माणसांतली ती होती. दिवाणखान्यात तिचं मानपत्र चौकटीत लावलेलं होतं. हर्षदा भांडायलाच आली होती. कुणाशी तरी भांडणं भागच होतं, आणि निळ्या रेघेतलं तिच्या ओळखीचं एवढं एकच माणूस होतं.

टिल्डाने कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा उघडला, एक बिस्कीट हर्षदाला दिलं, एक स्वतः घेतलं आणि झाकण लावलं. सतरा वर्षं हर्षदा ते एक बिस्कीट निमूट खात आली होती. आज तिने हात लांब करून झाकण काढलं आणि दुसरं घेतलं. टिल्डा बघत राहिली.

"तुझं काहीतरी बिनसलंय, हर्सा."

"तुम्हाला त्या सिनेमात बाराव्या मिनिटाला काय वाटलं?"

"कुठल्या?"

"ती मुलगी वर बसलेली. बाकीचे खाली जेवतायत."

टिल्डाने कप खाली ठेवला. "तिथे मी डोळे मिटले होते."

"का?"

"सवय." ती खिडकीबाहेर बघत होती. "ती मुलगी मीच की. आई मासळीच्या कारखान्यात होती, आठला घरी यायची. मी शाळेतून शेजारी जायचे खेळायला. सहाला ते सगळे खाली जायचे. मी वर बसून डोळे मिटायचे आणि जिन्याच्या पायऱ्या मोजायचे, मनातल्या मनात. चौदा होत्या. चौदा खाली, चौदा वर. तेवढ्यात गुंतलं की पोटाचं काही जाणवत नाही."

"किती वर्षं?"

"सहा असतील."

"माझ्या नवऱ्याला सहा आठवडे लागले," हर्षदा म्हणाली. आवाज चढायला लागला होता आणि तिने तो चढू दिला. "कळतंय का तुम्हाला, टिल्डा? तुम्हाला काही वाटलं नाही असं नाही. तुम्ही पायऱ्या मोजत होतात. तुमच्या पायऱ्या मोजून घेतल्या त्यांनी, आणि त्याला शहर म्हणतात. आणि मी ते शहर आपलं मानावं म्हणून मला सांगतात, तूही मोजायला शिक."

"ओरडू नकोस. तुमच्याकडे काय, सगळ्या पोरांना एका टेबलावर बसवतात?"

हर्षदाच्या ओठांवर 'हो' आलं होतं. ते तिने गिळलं. आजोळचं मागचं दार आठवलं. भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी, साधारण तिच्याच वयाची, पायरीवर बसायची. तिची ताटली वेगळी, कोनाड्यात पालथी ठेवलेली.

"नाही बसवत," ती म्हणाली. "आमच्याकडे पायरीवर बसवायचे. मी आत जेवायचे. मला काहीच व्हायचं नाही तेव्हा. माझी रेघ अगदी सरळ असणार."

"मग कधी व्हायला लागलं?"

"इथे आल्यावर. मला पायरीवर बसवलं तेव्हा."

मग टिल्डाने डब्याचं झाकण उचलून बाजूला ठेवलं. परत लावलं नाही.

हर्षदा बुधवारच्या बैठकीला गेली नाही आणि गुरुवारच्याही नाही. गुरुवारी संध्याकाळी भाडेकरूंपुढे तिने सरळ सांगितलं की उद्या बहुतेक मी नापास होणार आणि का होणार. दोघं-तिघं तडकले. तुझ्या एकटीच्या रागापायी आमची घरं जायची का, असं एकाने तोंडावर विचारलं. त्याचं चुकत नव्हतं, आणि त्याचाही तिला राग आला. शुक्रवारी शाळेला सुटी होती. सकाळी सेलाम आली तेव्हा धैर्यशील चटकन उठला, ताट घेतलं आणि हर्षदाकडे बघून हळूच विचारलं, "आता हिला द्यायचं ना?" तिने मान हलवली. त्याने नीट वाढलं, परीक्षेत पेपर लिहावा तसं. ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली आणि तोंड पुसून बाहेर आली.

टिल्डा खाली कोट घालून उभी होती. "सोबत येते," म्हणाली.

हर्षदाला चोपन्न पडले. ती कालव्यापासूनच रागावलेली होती.

"मला वाईट वाटतं," योनास म्हणाला, आणि त्याला वाटत असणारही. सव्वादोन वाजले होते.

"माझीही घ्या," टिल्डा म्हणाली.

योनास हसला. "तुम्हाला काय गरज? तुम्ही तर साठांतल्या."

"त्या वेळी मी डोळे मिटले होते. ते माप खोटं आहे. आता उघडे ठेवते."

म्हाताऱ्या बाईला नाही म्हणणं त्याच्या सभ्यपणात बसेना. त्याने तिच्या पांढऱ्या केसांवर टोपी चढवली. बारा मिनिटं केशरी रेघ निळीला चिकटून होती, जशी असायला हवी. मग ते घर आलं. टिल्डाने हर्षदाचा हात धरला आणि डोळे मिटले नाहीत. अकरा सेकंद तिने त्या मुलीकडे पाहिलं. रेघ हर्षदाच्याहीपेक्षा उंच गेली आणि सिनेमा संपला तरी तिथेच होती.

"एकावन्न," योनास म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. कोपऱ्यातल्या प्रिंटरमधून कागद बाहेर येत होता. निकाल आपोआप मतदारयादीकडे जायचा, मध्ये माणसाचा हात लागू नये म्हणून मुद्दाम तशीच सोय केली होती. प्रत्येक रहिवासी, साठाच्या खाली, नाव वगळले. टिल्डा ओस्टरमान, जन्म याच शहरात, आता या शहराची मतदार नव्हती.

योनास वर पळाला. तीन वाजून दहा मिनिटांनी आला तेव्हा त्याच्या हातात दुसरा कागद होता. "इथे फक्त सही करा, लगेच नाव परत येईल. खास सूट आहे."

टिल्डाने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं. "जन्माने व वंशाने इथल्या असल्याकारणाने. हे नियमात नव्हतं."

"लिहायचं नव्हतंच," तो बोलून गेला. "म्हणजे, ते गृहीत होतं."

"आणि हिचं नाव?"

"त्यांचा विषय वेगळा आहे."

"सही नाही केली तर?"

"इथल्या माणसाचं नाव वगळलेलं ठेवता येणार नाही, मग तुमच्यासाठी नियमच थांबवावा लागेल. आणि तो एकासाठी थांबवता येत नाही, सगळ्यांसाठी थांबवावा लागतो. त्याला वेळ लागेल. आठवडे. सही सोपी आहे, टिल्डा. तुम्ही अठ्ठावन्न वर्षं मत देताय."

टिल्डाने हर्षदाकडे पाहिलं. 'जाऊ द्या, करून टाका, तुम्ही कशाला त्रास घेता,' असं म्हणायची ही वेळ होती, आणि सतरा वर्षं हर्षदा या शहरात अशा प्रत्येक वेळी नेमकं तेच म्हणत आली होती. आज तिला कुणावरही दया करायची नव्हती. ती गप्प बसली.

टिल्डाने कागदाची घडी घालून योनासच्या हातात परत दिली. "मग थांबवा," ती म्हणाली.

चारला पाच मिनिटं असताना हर्षदाने तरीही अर्ज खिडकीत सरकवला. आतल्या बाईंनी दाखला मागितला. तिने चोपन्न गुणांचा कागद दिला. बाईंनी दोन्ही कागद सरळ करून, टोकं जुळवून, तिच्याकडे परत सरकवले आणि खिडकी लावली. संपलं. पुढची चार वर्षं समितीत वीटभट्टीचं कुणी नसणार होतं. इमारती पडल्या तर तिच्याशिवाय पडणार होत्या. काल तोंडावर विचारणाऱ्या त्या भाडेकरूला आज रात्री जाऊन हे सांगायचं होतं.

ती येऊन टिल्डाशेजारी बाकावर बसली. हॉल रिकामा झाला होता. टिल्डाने हातमोजे काढले होते आणि आपल्याच बोटांकडे बघत होती.

"हर्सा, माझे कान तापलेत. छातीत काहीतरी धडधडतंय. त्या योनासला गदागदा हलवावंसं वाटतंय. आणि माझ्या तेव्हाच्या शेजाऱ्यांना. ते तर कधीच गेले सगळे."

"राग आलाय तुम्हाला."

"हा?" टिल्डाने ते जरा वेळ तपासून पाहिलं. "केवढा मोठा असतो. मग आता काय करायचं असतं?"

हर्षदालाही नीट माहीत नव्हतं. पण या एका बाबतीत तिचा सराव जास्त होता.

"आधी तर उठायचं नाही," ती म्हणाली.

योनास किल्ल्या घेऊन आला. "ऑफिस बंद करायचंय," तो म्हणाला, नेहमीसारखाच हळू आवाजात. मग त्याने पुन्हा एकदा तेच सांगितलं. दोघी तिथेच बसून राहिल्या.